अडीच महिन्यांच्या बाळाच्या कानामागची खूण

सकाळी साडेनऊला नॅपी बदलताना नव्या ताईंनी मला हाक मारली. पाळणाघरात रुजू होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. अडीच महिन्यांचं बाळ, आणि कमरेखाली तळव्याएवढा निळसर डाग. "मारलंय हो कुणीतरी," त्या कुजबुजल्या.

तो डाग मला ठाऊक होता. प्रवेशाच्या दिवशी पालकांसमोर बाळाच्या अंगावरच्या खुणा आम्ही शरीराच्या आराखड्यावर काढून घेतो, त्यात तो होता. असे निळे-करडे डाग बहुधा जन्मापासूनच असतात. कडा पुसट असतात, आठवडे गेले तरी रंग तोच राहतो. मुक्या माराची खूण मात्र रंग पालटत विरून जाते. पहिल्या दिवशीची ही नोंद नसेल तर याच डागावरून आईबापांवर आळ येतो. उलटही घडतं: खरा मार 'जन्मखूण असेल' म्हणून सुटून जातो.

बाळ उघडं होतंच, म्हणून सगळं अंग पाहून घेतलं. डाव्या कानामागच्या दुमडीत जांभळी खूण, पट्टीवर ८ मिलिमीटर. उजव्या बरगडीखाली दुसरी, १२ मिलिमीटर. पारदर्शक पट्टी हलकेच दाबली तरी रंग जाईना, म्हणजे रक्त त्वचेखाली उतरलेलं. या दोन्ही आराखड्यात नव्हत्या.

चालत्या-पळत्या मुलाच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर टेंगूळ नाहीतर काळंनिळं रोजच असतं. हे बाळ अजून कुशीवरही वळत नव्हतं, स्वतःला लागून घेणार कसं? बालरोगतज्ज्ञांचा ठोकताळा सरळ आहे: चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर कुठेही, आणि चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर अशी खूण दिसली आणि तिचं पटण्याजोगं कारण सापडत नसेल, तर तपासणी व्हायलाच हवी. २०२१ मध्ये या यादीत जबड्याचा कोपरा, गालाचा मांसल भाग, पापण्या, डोळ्याचा पांढरा भाग आणि ओठाखालचा पडदाही आला.

ताईंनी एव्हाना मोबाइल काढला होता. फोटो काढायचा आणि तसे फोटो शोधून ताडून बघायचं. त्यांना थांबवलं. खुणेच्या रंगावरून ती किती दिवसांची हे डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही, फोटोंशी ताडून आपल्याला काय कळणार? शिवाय मुलाचा उघडा फोटो स्वतःच्या फोनमध्ये असणं हाच वेगळा गुन्हा ठरू शकतो.

त्याऐवजी नोंद लिहिली: वेळ, जागा, माप, रंग, कुणी पाहिलं. 'मार लागलेला दिसतो' असं ताईंनी लिहिलं होतं, ते एका रेघेने खोडून बाजूला सही करायला लावली. खाडाखोड झाकणारी शाई नोंदवहीत नको. बाळ काही सांगू शकत नाही, पण बोलतं मूल असतं तर "काय झालं?" एवढंच विचारायचं, त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही.

आमच्या बालसुरक्षेच्या जबाबदार बाई त्या दिवशी रजेवर होत्या. भिंतीवरच्या कागदावर त्यांच्यानंतर माझं नाव होतं, म्हणून खोळंबा झाला नाही. त्याच कागदावर बालसंरक्षण कार्यालयाचा नंबर होता. हे नंबर घटना घडल्यावर शोधायला बसलं की तासभर जातो, आणि त्या तासाभरात लोक 'उद्या बघू' वर येतात. पुरावा गोळा करणं आपलं काम नाही. रास्त शंका कळवायला पुरेशी असते.

मी कार्यालयाला फोन केला. तिथल्यांनी वय, बाळ हालचाल काय करतं, खुणांची जागा, सकाळी कुणी सोडलं, घरात आणखी मुलं आहेत का, हे विचारलं. मी पलीकडच्या व्यक्तीचं नाव, वेळ आणि प्रकरण क्रमांक लिहून घेतला. आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आईला तसं सांगायला हरकत नाही, असं ठरलं. घरी सांगितल्याने मुलाला धोका वाढेल असं वाटलं असतं तर आधी त्यांनाच विचारलं असतं.

आई आली. "या दोन खुणा दिसल्या, आम्ही लिहून ठेवल्या आणि कळवल्या आहेत, डॉक्टरांना दाखवायचंय." यापलीकडे मी बोलले नाही. त्या एका दमात तीन कारणं बोलल्या: गाडीतल्या सीटचा पट्टा, मोठ्या मुलीचा हात, पाळण्याची कड. बदलती कारणं संशयाची मानतात, पण घाबरलेला माणूसही अंदाजच बांधत असतो. मी तिन्ही लिहिली, मत लिहिलं नाही. जाता जाता त्या म्हणाल्या, "परवा नाकातून थेंबभर रक्त आलं होतं." तेही लिहिलं.

रुग्णालयात हाडांचे एक्स-रे आणि डोक्याचा स्कॅन झाला, दोन्ही स्वच्छ. प्लेटलेट्स पुरेशा, पण रक्त गोठायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागत होता. प्रसूती वाटेतच झाली होती आणि त्या गडबडीत रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाचं जन्मानंतरचं इंजेक्शन राहून गेलं होतं. बाळ फक्त आईच्या दुधावर, ज्यात हे जीवनसत्त्व फार कमी असतं. अशी कमतरता सहा महिन्यांपर्यंत केव्हाही उफाळू शकते, आणि तेव्हा रक्तस्राव बऱ्याचदा मेंदूतच होतो. किरकोळ खुणा, नाकातलं रक्त हे त्याआधीचे इशारे. इंजेक्शन दिलं आणि काही तासांत तपासणीचे आकडे सुधारले.

बालसंरक्षण अधिकारी घरी जाऊन आल्या, प्रकरण बंद झालं. आई दोन आठवडे माझ्याशी बोलत नव्हत्या, ते साहजिकच आहे.

आमच्या प्रवेश अर्जात लसीकरणाची अख्खी पानं होती, हा प्रश्न मात्र नव्हता. आता पहिल्याच पानावर आहे: जन्मानंतर के जीवनसत्त्व दिलं का, कधी, इंजेक्शन की तोंडाने. उत्तर तोंडी चालत नाही, जन्माचं कार्ड बघूनच भरतो.