तारामतीचं काम कोणी केलं?

आज सकाळी बातम्यांचा चॅनेल मी मधेच बंद केला. एकाच अपघाताचं दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि सातवीतली माझी लेक हातातला पोह्यांचा घास तसाच धरून बघत होती. आई म्हणाली, "बरं केलंस."

मग लेकीला गाडीवर घेऊन निघालो. बडोद्याच्या दांडिया बाजारातून कलाभवन या शिक्षणसंस्थेपाशी थांबलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये हे सुरू केलं, आणि दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ साली. मूकपट.

"बोलायचेच नाहीत? मग कळायचं कसं?"

मधे मधे मजकुराच्या पाट्या यायच्या, म्हटलं. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना, हे ऐकून मात्र ती थबकलीच. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, दोघी पडद्यावर आल्या. केवढं धाडस असेल त्या काळात!

"आई आणि मुलगी? एकाच सिनेमात?"

घरी आल्यावर चपला काढायच्या आत तिने हे स्वयंपाकघरात जाऊन आजीला सांगितलं. येताना आणलेली सेव उसळ गार होत होती, पण दोघींचं बोलणं संपेना.

रात्री टीव्ही लावलाच नाही. पेपर मोठ्याने वाचला. तिने अडवलं की थांबायचो, समजावून सांगायचो. एका बातमीवर आजी-नात दोघींचं पटलं नाही. अजून वाद चालू आहे.