बाभळीवरचा मुक्काम

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर तीन दिवसांच्या पक्षी-पाहणीसाठी गेले होते. तिथे सौरऊर्जा प्रकल्प व्हायचा होता. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यांत सौर प्रकल्प येत नाहीत. पण कर्ज देणाऱ्यांना अहवाल हवा असतो, म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणं येतं. कागदावर त्या जमिनीपुढे एकच शब्द होता: पडीक.

माळ मुरमाड, कुसळीने भरलेला. मधून एक ओढा, त्याच्या काठाला जुन्या बाभळींची रांग. पहिले दोन दिवस हवा वाईट होती. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. आभाळ गच्च आणि मधूनच भुरभुर. चंडोल, माळटिटव्या, काळ्या डोक्याच्या भारिटांचा एक थवा आणि गवतावरून खालून खालून फिरणारी भोवत्याची एक मादी, एवढ्याच नोंदी हाती लागल्या. आमच्या तक्त्यात प्रत्येक पक्ष्यापुढे खूण करायला दोन रकाने होते, 'निवासी' आणि 'हिवाळी पाहुणा'. मी खुणा करत गेले. आपण काय विसरतोय हे तेव्हा जाणवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. चारच्या सुमाराला आम्ही सामान गाडीत भरत होतो. दोन दिवस माझ्या अवतीभवती मेंढरं चारणारे एक म्हातारे धनगर काठी टेकत आले.

"निघालाव व्हय ताई? वड्याकडं बगून जावा. पाखरं उतरल्याती."

"कसली पाखरं, आबा?"

"आभाळ आलं की उतरत्यात ती. दरसाल न्हाई येत."

ओढ्याकडे वळले आणि पाय थांबले. माळावर चतुर उडत होते, हजारोंनी, गुडघ्यापासून पार झाडांच्या शेंड्यापर्यंत. आणि त्यांच्यामधून ससाणे फिरत होते. राखाडी नर, तांबडे पाय, पंख उचलला की खालची पांढरी बाजू उन्हात चमकायची. माद्या पोटाला पांढऱ्या, त्यावर काळ्या रेघोट्या. अमूर ससाणे! पंज्यात चतुर धरायचा, उडता उडताच तो चोचीकडे न्यायचा, पंख तोडून टाकायचे. ते तुटके पंख माझ्या वहीवर येऊन पडत होते. शंभरापर्यंत मोजले, मग मोजणी सुटली.

हा पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा. आग्नेय सैबेरियात आणि उत्तर चीनमध्ये घरटी करतो, हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिणेला काढतो. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर लाखोंनी थांबतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हे ससाणे प्रचंड संख्येने मारले गेले. पुढच्याच वर्षी पांगती आणि आजूबाजूच्या गावांनी शिकार पूर्ण थांबवली, आणि त्याच नोव्हेंबरात तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. दोयांगहून निघालेला पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून अडीच-तीन हजार किलोमीटर, पाच-सहा दिवसांत आफ्रिका गाठू शकतो, हे अशा नोंदींतून कळलं. समुद्रावर बसायला जागा नाही. ईशान्येकडचा वारा पाठीशी असला तर निभावतं. त्याच वाऱ्यावर चतुरही समुद्र ओलांडतात, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

नकाशावरची रेघ महाराष्ट्रावरून सरळ जाते आणि ती बघून वाटतं, इथे त्यांचं काही काम नाही. पण हवा बिघडली, वारा उलटला, तर तो पक्षी खाली बघणार आणि त्याला कुठेतरी उतरावं लागणार. तेव्हा खाली किडे असलेला उघडा माळ हवा आणि रात्र काढायला झाड हवं. माझ्यासमोर दोन्ही होतं. आणि मी मात्र त्याच माळाचं 'पक्षी कमी' असं टिपण करून निघाले होते!

ड्रायव्हरला सांगितलं, आज जायचं नाही. अंधार पडायच्या आत ससाणे बाभळींवर बसले. एकेका फांदीवर दहा-बारा. आबांनी मेंढरं लांबून वळवून नेली, मला काही सांगावं लागलं नाही.

पहाटे पाचला परत आले. गारठा होता, ससाणे पिसं फुलवून बसलेले. झाडांखाली त्यांनी रात्री ओकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. एक फोडून पाहिली, किड्यांच्या कठीण कवचांचा नुसता चुरा. ऊन वर आलं, जमीन तापली, तसे आठनंतर एकेक करून उठले. घिरट्या घेत वर वर गेले आणि पश्चिमेकडे सरकले. नऊ वाजता बाभळी रिकाम्या होत्या.

आमच्या वरिष्ठांचं फोनवर म्हणणं पडलं, "एका रात्रीची नोंद आहे, परिशिष्टात टाक." मी ऐकलं नाही. पक्षी तिथे राहत नाही म्हणून जागा त्याची नाही, हा हिशोब मला मान्य नव्हता, आजही नाही. प्रवासात आपण धर्मशाळेत एकच रात्र काढतो, पण ती रात्र तिथे नसेल तर पुढचा प्रवासच होत नाही. तक्त्यात हाताने तिसरा रकाना आखला, 'वाटसरू' असं वर लिहिलं, आणि मुख्य अहवालात दोन पानं जोडली: ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा मोकळा सोडा, बाभळी तोडू नका, वीजवाहक तारा तिथून नेऊ नका. खूप वादावादी झाली. तारांची जागा बदलली, बाभळी राहिल्या. माळाचा मोठा भाग मात्र गेला. ते मला अजून सलतं.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आबांनी नातवाच्या मोबाईलवरून फोन केला.

"ताई, यंदा आभाळ न्हवतं. पाखरं वरनंच गेली. म्या बगितली जाताना."

"आणि बाभळी?"

"हायती की."