कूटलेखनाच्या लायब्ररीत आधी काय पाहावे

नांदेडला अभियांत्रिकीच्या मुलांना कूटलेखनाची लायब्ररी, म्हणजे मजकूर गुप्त ठेवणारा तयार कोड, समजावताना मी एईएस या प्रचलित कूटपद्धतीपासून सुरुवात करत नाही, यादृच्छिक संख्यांपासून करतो. कारण किल्लीचा अंदाज बांधता येत असेल, तर पुढचे सारे गणित व्यर्थ ठरते. २००६ साली डेबियन या लिनक्स प्रणालीच्या प्रकल्पाने ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीच्या कोडमधील मोजक्या ओळी निष्क्रिय केल्या आणि २००८ मध्ये दोष उघड होईपर्यंत तिथल्या किल्ल्यांमागील यादृच्छिकता केवळ चालू प्रोग्रामला संगणक देतो त्या प्रोसेस क्रमांकावर, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यतांवर, येऊन ठेपली. हे उदाहरण मला आजही अस्वस्थ करते.

या पायावर एईएससारखे सममित, म्हणजे लपवायला आणि उलगडायला एकच किल्ली वापरणारे, कूटलेखन उभे राहते. त्याची जीसीएम पद्धत मजकूर लपवते आणि त्यात फेरफार झाला आहे का, हेही तपासते. मात्र एकाच किल्लीसोबत तोच नॉन्स, म्हणजे प्रत्येक संदेशासाठी एकदाच वापरायची संख्या, पुन्हा वापरला, तर दोन्ही संरक्षणे ढासळतात. एसएचए-२५६ सारखे हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा), सर्वांना उघडपणे देता येणाऱ्या सार्वजनिक किल्ल्या आणि डिजिटल सह्या हे उरलेले भाग.

माझ्या मते नॉन्सची निवड नवख्या प्रोग्रामरवर न सोडणारी लायब्ररीच शिकवण्यास योग्य आहे, आणि म्हणूनच मी गूगलची टिंक ही लायब्ररी निवडतो, जिथे तो आतच तयार होतो.