धूळ कपड्याला का हाताला?

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला. दिवाळी झाली की एम.ए. इंग्रजीचा वर्ग निम्मा होतो, पोरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात, कुणी स्वतः कोयता धरतं, कुणी कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, लहान भावंडं सांभाळतं. हजेरीचा विषय मी काढत नाही.

तर फेब्रुवारीत गीतांजली चालू होती. टागोर राष्ट्रकवी म्हणलं की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, सर, सरकारी का? मग सांगतो की आपल्याकडं तसलं पद नाही, मैथिलीशरण गुप्तांना म्हणतात, दिनकरांना म्हणतात, अन् गंमत म्हणजे बांगलादेशानं राष्ट्रगीत टागोरांचं घेतलं पण राष्ट्रकवी नझरुल. ह्यातच दहा मिनिटं जातात.

मग 11 नंबरची कविता. देव बंद देवळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाही, तो नांगरणाऱ्यापाशी आहे, दगड फोडून रस्ता करणाऱ्यापाशी आहे, ऊन-पावसात, अन् त्याच्या कपड्यावर धूळ बसलीय. "सर, हे तर आपल्या गंगाखेडच्या जनाबाईनं कधीच सांगितलंय, तिच्यासंगं इठ्ठल दळायला बसायचा," एक पोरगी म्हणाली. बरोबरच आहे. मी मान डोलवली अन् मिस्टिसिझमच्या, म्हणजे गूढवादाच्या, नोट्स सुरू केल्या, पंधरा वर्षं त्याच, कागद पिवळा पडलाय.

मागच्या बाकावर एक पोरगा होता, परीक्षेचा फॉर्म भरायला टोळीवरून दोन दिवस आलेला. म्हणाला, "सर, कपड्यावरची धूळ बघणाऱ्याला दिसती. काम करणाऱ्याला पहिले हात कळतात." अन् हात वर केले. पाचटानं चिरलेले, बोटांच्या पेरात काळं मुरलेलं, अंगठ्याला चिंधी. वर्ग गप. मी पण. खरं सांगू, जरा रागच आला, हा आता टागोरांच्या चुका काढायलाय.

डोक्यातून जाईना म्हणून संध्याकाळी बंगाली मूळ मोबाईलवर काढलं, 1910 च्या गीतांजलीतलं, पण लिपी कुठं येते. आमच्या सराफा लाइनीत बंगाली कारागीर बसतात, त्यातला एकजण अंगठीला डाख देत होता, त्याच्यापुढं मोबाईल धरला. त्यानं हात पुसले अन् वाचलं, 'धुला ताँहार लेगेछे दुइ हाते'. अर्थ विचारायची गरजच पडली नाही. दोन्ही हातांना! अन् दगड फोडणारा तिथं 'खाटछे बारो मास', म्हणजे बारा महिने राबतोय. सोवळं फेडून धुळीत ये हे इंग्रजीत पण आहे, पण हात गेले अन् बारा महिनेही गेले. आणि हे इंग्रजी दुसऱ्या कुणी नाही, टागोरांनी स्वतः केलेलं, 1912 ला लंडनमध्ये छापलं, पुढच्याच वर्षी नोबेल. साहेबाच्या कानाला बसेल तेवढं ठेवलं असावं, हा आपला माझा अंदाज. पंधरा वर्षांत मी मूळ एकदाही उघडलं नव्हतं त्याचं काय, ते वेगळंच.

पोरगा तवर रात्रीच्या गाडीनं परत गेलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळ टाकली, अर्थ लिहिला, वर तुझं बरोबर होतं असंही लिहिलं. दोन दिवसांनी रिप्लाय आला, फडात रेंज नसती. "सर, पेपरात हात लिहिले तर मार्क कटतील का?"

तपासणाऱ्यापुढं गाईड असतंय हे मला पण माहितीय. लिहिलं, आधी कपडे लिही, मग हात.