जर्मनीत कंत्राटावर कामाला जाताय? १८३ दिवसांच्या थापेवर जाऊ नका

‘१८३ दिवसांच्या आत परत आलास तर परमिट लागत नाही आणि टॅक्सही लागत नाही.’ कोल्हापुरातल्या एका एजंटाने मला हे ठासून सांगितलं होतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातली बरीच पोरं आजही हेच धरून बसलीत. हे साफ खोटं आहे. १८३ हा आकडा भारत-जर्मनीतल्या टॅक्सच्या करारातला आहे, कामाच्या परमिटशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तिथे काम करायचं तर परवानगी पहिल्या दिवसापासून लागते.

मी मशीन ऑटोमेशनची कामं कंत्राटावर करतो. स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात लाइन चालू करून द्यायची होती. एजंटाने बिझनेस व्हिसा काढून दिला. फाटकावर रिसेप्शनच्या बाईंनी पासपोर्ट उघडला, स्टिकरच्या तळातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझा बॅज परत ड्रॉवरमध्ये टाकला. कमाईचं काम करण्यास मनाई, असं त्या ओळीत छापलेलं असतं. मीटिंगला बसा, मशीन बघा, पण पॅनेलला हात लावायचा नाही. लॅपटॉप बॅगेतच ठेवून मी परत आलो. त्यांचं काहीच चुकलं नाही, ते कायद्यानेच वागले.

एक सूट मात्र खरी आहे. तुमच्या भारतीय कंपनीने स्वतः विकलेलं मशीन बसवायला कंपनीच तुम्हाला पाठवत असेल, तर १२ महिन्यांत ९० दिवसांपर्यंत सोपा रस्ता आहे. तरी तिथल्या रोजगार खात्याला आधी कळवावं लागतं आणि व्हिसाही त्याच कारणाचा लागतो. दुसऱ्याचं मशीन, दुसऱ्याची लाइन आणि आपण नुसते कंत्राटदार, अशाला ही सूट नाही.

दुसरी फेरी सरळ मार्गाने केली. कारखान्यानेच मुदतीचा नोकरीचा करार दिला आणि ब्लू कार्डचा, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला मिळणाऱ्या परमिटचा, अर्ज केला. २०२४ साली त्यासाठी साधारणपणे वर्षाला किमान ४५,३०० युरो पगार लागत होता, पुढच्या वर्षी ४८,३०० झाला. हा आकडा दर जानेवारीत बदलतो, करारावर सही करण्याआधी बघा. माझं मत विचाराल तर एकाच गिऱ्हाइकाकडे, त्याच्या जागेत, त्याच्या हुकमाने काम करायचं असेल तर फ्रीलान्सरचा हट्ट धरू नका. जर्मनीत त्याला खोटा स्वयंरोजगार धरतात आणि सामाजिक विम्याची मागची वसुली निघते, म्हणून तिथल्या कंपन्याही बिचकतात.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त लूट इथेच आहे. डिग्री, मार्कशीट, जन्मदाखला यांच्या अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्यासाठी, माझ्याकडून २८ हजार घेतले. परराष्ट्र खात्याची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये! आणि खरा संताप पुढेच आहे: भारताचं अपोस्टिल जर्मनी मानतच नाही. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती. डिग्रीसाठी अनाबिन नावाच्या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि कोर्स शोधायचा आणि त्याची प्रिंट जोडायची, ती फुकट मिळते. कोर्स सापडला नाही तर २०८ युरो भरून तिथल्या सरकारी कार्यालयाकडून डिग्रीची तुलना करून घ्यायची. नेदरलँड्सला जाणाऱ्यांना अपोस्टिल चालतं, त्यामुळे एजंट सगळ्यांना एकाच मापाने मोजतात. पोलिसांचा दाखला लागला तर पासपोर्टच्या साइटवर ५०० रुपयांत अर्ज होतो, त्याला मध्ये कोणी नको.

व्हिसासाठी महालक्ष्मीने रात्री निघा, सकाळी मुंबईत पोचता. विमान, राहणं, जेवण यात अडचण आली नाही.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि घरमालकाने सही केलेला कागद लागतो. तो देणार नाही म्हणाला तर ते घर घेऊच नका. नोंदणीनंतर टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो वेळेत कंपनीला दिला नाही तर पगारातून सगळ्यात चढ्या दराने टॅक्स कापतात.

टॅक्सचा १८३ दिवसांचा नियमही अर्धवटच सांगितला जातो. मुक्काम १८३ दिवसांच्या आत हवा, पगार देणारा जर्मन नसावा आणि पगाराचा बोजा मालकाच्या जर्मनीतल्या शाखेवर पडलेला नसावा. या तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या तरच जर्मनीत टॅक्स नाही. माझा पगार जर्मन कंपनी देत होती, म्हणून पहिल्या महिन्यापासून कपात झाली. शिवाय पेन्शनचे ९.३ टक्के. भारतीय कंपनीच्या पगारावर राहून जाणाऱ्याला पीएफ कार्यालयाचं कव्हरेज सर्टिफिकेट मिळतं, मग तिथली पेन्शन भरावी लागत नाही. दोन देशांमधला हा सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. पीएफ खातं नसलेल्या कंत्राटदाराला ते मिळत नाही.

भारताच्या बाजूने तारीख सांभाळा. नोकरीसाठी बाहेर जाताना एप्रिल ते मार्च या वर्षात इथला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर तुम्ही अनिवासी ठरता आणि जर्मन पगारावर इथे टॅक्स नाही. मी ऑगस्टमध्ये गेलो, सुटलो. इचलकरंजीचा माझा मित्र नोव्हेंबरमध्ये गेला आणि निवासीच राहिला. जर्मन पगार त्याला इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागला, तिथे भरलेल्या टॅक्सची वजावट मिळवायला २०२४-२५ साठी फॉर्म ६७ भरावा लागला, आणि जर्मन वर्ष जानेवारी ते डिसेंबर असल्याने पगाराच्या पावत्या महिन्यावारी फोडत बसावं लागलं. पावत्या आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला तिथून निघण्याआधीच हातात घ्या, नंतर मेलला कोणी उत्तर देत नाही. आणि शक्य असेल तर २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसा.