गाठीवरचा शिक्का

माझे आजोबा खामगावातल्या एका जिनिंग-प्रेसमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, नोंदवह्या लिहीत असत. दिवाळीनंतर हंगाम भरात आला की त्यांचा दुपारचा डबा पोहोचवण्याचे काम माझ्याकडे येई. तिथे दाबून, पट्ट्या आवळून ठेवलेल्या रुईच्या गाठींवर एक माणूस पत्र्याची कोरीव चौकट धरून काळ्या रंगाने प्रेसची खूण आणि क्रमांक उमटवत असे. हे आकडे कशासाठी, असे मी एकदा विचारले, तेव्हा आजोबा म्हणाले, "कापूस कोणाचाही असो, गाठ या नंबरची." त्या उत्तराचा अर्थ मला फार उशिरा, वसाहतकालीन कापूस कायद्यांविषयी वाचू लागल्यावर उलगडला.

गाठीवर खूण आणि क्रमांक घालण्याची सक्ती 1925 च्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने कायद्याने आली, पण तिच्यामागची कल्पना त्याहून साठ वर्षांनी जुनी आहे. मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध पहिला नियम 1829 मध्येच केला होता. तो फारसा उपयोगी पडला नाही, म्हणून नव्याने स्थापन झालेल्या मुंबईच्या कायदे कौन्सिलने 1863 मध्ये त्या वर्षीचा नववा कायदा संमत केला. त्यानुसार कापसात भेसळ करणे हा गुन्हा ठरला, प्रेसला परवाना आवश्यक झाला, गाठीवर प्रेसची खूण आली आणि हे सारे पाहण्यासाठी निरीक्षक नेमले गेले. त्यांचा खर्च निर्यातीच्या गाठींवर बसवलेल्या शुल्कातून भागवायचा होता. कौन्सिलचे काम सुरू होऊन जेमतेम दीड-दोन वर्षे झाली असताना कापसासारख्या एका मालासाठी स्वतंत्र फौजदारी कायदा व्हावा, यावरून त्या काळी मुंबईच्या राज्यकारभारात रुईला किती मान होता हे ध्यानात येते.

घाई का झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना नेहमीचा कापूस मिळेनासा झाला. 1862 मध्ये ब्रिटनने आयात केलेल्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश हिंदुस्थानातून गेला. तिकडे आपल्या सगळ्या कापसाला 'सुरत' असे एकच नाव होते, आणि "देवा, आम्हाला कापूस दे, पण सुरत नको," अशी प्रार्थना तिथले मजूर करत असल्याचे सांगतात. आखूड धाग्याचा आणि कचऱ्याने भरलेला हा कापूस यंत्रावर सारखा तुटे, आणि कामगाराची मजुरी निघालेल्या मालावर ठरत असल्याने तुटलेल्या धाग्याचा भुर्दंड त्याच्याच माथी बसे.

भेसळ खरोखरच होत होती. रुईत सरकी ठेवणे, माती मिसळणे, वजन वाढावे म्हणून पाणी शिंपडणे, गेल्या हंगामाचा पिवळट कापूस गाठीच्या पोटात घालून वरून नवा लावणे, हे प्रकार व्यापारात सर्रास चालत. सरकारी लिखाणात याचे खापर बहुधा 'नेटिव्ह' व्यापाऱ्याच्या स्वभावावर फोडलेले आढळते. मला ते पटत नाही. शेतकऱ्याचा कापूस बाहेर पडण्याआधीच सावकाराच्या उचलीत अडकलेला असे, त्यामुळे स्वच्छ वेचणीचा चढा भाव त्याच्या हाती पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे गावचा दलाल, अडत्या, मोठा व्यापारी आणि मुंबईचा निर्यातदार अशी साखळी होती, आणि लिव्हरपूलला सगळे 'सुरत'च असल्याने स्वच्छ मालाचा जो थोडा फायदा उरे तो वाटेतच जिरून जाई. शिवाय रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून शेकडो मैल धुळीतून मुंबईला जात असे, आणि अवकाळी पावसात सापडला तर भिजून जड होई. हे पाणी कोणी मुद्दाम शिंपडलेले नव्हते.

कापूस वाढावा म्हणून सरकारने उत्तेजन कोणाला दिले, ते आता पाहू. 1849 च्या करारानुसार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना भांडवलावर वर्षाला 5 टक्के परताव्याची हमी मिळाली. जमीन फुकट देण्यात आली आणि उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची असे ठरले. गव्हर्नर जनरल डलहौसीने 1853 च्या रेल्वेविषयक टिपणात इंग्लंडला कापसाची किती निकड आहे हे स्पष्ट शब्दांत लिहिले होते, आणि त्याच वर्षी हैदराबादच्या निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. बोरघाटाची वाट 1863 मध्ये आणि थळघाटाची 1865 मध्ये खुली झाली, आणि 1867 मध्ये गाडी नागपूरला पोहोचली. मग आमच्या खामगावची पाळी आली: जलंबपासून खामगावपर्यंतचा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा 1870 मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला तसाच फाटा गेला. 13 किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉयने इतक्या दूर यावे, याचे मला लहानपणी फार अप्रूप वाटे. आता ते रूळ कशासाठी टाकले होते हे कळल्यावर अप्रूप ओसरले आहे.

पडीक जमीन कायमची विकत देण्याचे धोरणही 1861 मध्ये व्हाइसरॉय कॅनिंगने जाहीर केले होते, पण लंडनहून भारतमंत्री चार्ल्स वुड याने त्याला बरीच कात्री लावली. शेतमालाचा करार मोडणाऱ्या शेतकऱ्यावर फौजदारी व्हावी, ही मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची मागणीही त्याने मानली नाही, याचे श्रेय त्याला द्यायला हवे.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय आले? काही वर्षे भाव चढा मिळाला, हे नाकारता येत नाही. पण 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत शेअरबाजाराचा फुगा फुटला. त्यानंतर इंदापूर-भीमथडीकडच्या तालुक्यांत जमिनीची फेरपाहणी होऊन तेजीच्या काळातील भाव जमेस धरून शेतसारा वाढवण्यात आला. 1875 मध्ये भीमथडीतील सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागच्या कारणांत हे एक होते. भागधारकाला हमी होती, शेतकऱ्याला मात्र वाढीव आकारणी होती.

सरकारचा सुधारणेचा आग्रह सर्वांत स्पष्ट दिसतो तो हॅरी रिव्हेट-कर्नाक याच्या कामात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी नेमलेला हा कापूस आयुक्त मेहनती होता. हिंगणघाटचा 'बनी' कापूस लांब धाग्याचा, म्हणून त्याचे बियाणे शुद्ध ठेवण्यासाठी त्याने खटपट केली. पण याच अधिकाऱ्याने 1869 च्या सुमारास आपल्या अहवालात अशीही आशा व्यक्त केली की रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले तर इथले सूत कातणारे व विणकर शेतमजुरीकडे वळतील, त्यांच्या हातून रान मोडून लागवड वाढेल, आणि जो कापूस इथेच कातला जातो तोही निर्यातीला मोकळा होईल. एका अधिकाऱ्याच्या लेखणीतून इतका निःसंकोच हिशेब क्वचितच उतरतो.

बनी मात्र टिकला नाही. आखूड, जाडाभरडा 'जरी' कापूस लवकर येई आणि त्यातून रुई जास्त निघे. बनीला चढा भाव मिळाला तरी तो हे अंतर भरून काढण्याइतका नसे. शिवाय सुएझ कालवा झाल्यावर युरोपातील इतर देशांत, आणि पुढे जपानमध्ये, आखूड धाग्याला गिऱ्हाईक मिळाले. ज्या वाणाने घर चालते तो शेतकऱ्याने पेरला, यात दोष काढण्याजोगे मला काही दिसत नाही.

कायद्याची गतही काहीशी तशीच झाली. मुंबईच्या कौन्सिलचा अधिकार मुंबई इलाख्यापुरता, आणि वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटच्या, म्हणजे निजामाच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधीच्या हाती. त्यामुळे भरपूर कापूस पिकवणाऱ्या या मुलखात हा कायदा आपोआप लागू होत नव्हता. इलाख्यातही निरीक्षकाला हाताशी सापडे ती बांधलेली गाठ. सरकी आणि माती त्याआधीच, एखाद्या गावच्या खळ्यात किंवा गोदामात, मिसळून झालेली असे. मुंबईचे व्यापारी शुल्कावर आणि तपासणीवर नाराज होते, आणि लबाडीचा बंदोबस्त आपण आपसांतल्या करारांनी करू, असे त्यांचे म्हणणे होते. 1878 मध्ये कायदा नव्याने करण्यात आला आणि 1882 मध्ये तो रद्दच झाला.

मग पस्तीस वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1917 मध्ये पुन्हा एक कापूस समिती नेमली गेली आणि जुनीच दुखणी नव्याने मांडली गेली. हलका कापूस रेल्वेने नावाजलेल्या गावी नेऊन तिथला म्हणून विकायचा, ही युक्ती तोवर रुळली होती. म्हणजे 'सुधारणे'साठी टाकलेल्या रुळांनीच भेसळीला नवी वाट करून दिली होती. 1923 च्या कापूस वाहतूक कायद्याने ठराविक भागांत बाहेरचा कापूस आणण्यावर बंधन घातले आणि 1925 च्या कायद्याने आजोबांच्या प्रेसमधला तो काळा शिक्का आणला.

या दुसऱ्या खेपेत एक गोष्ट वेगळी होती. 1923 मध्येच कापसाच्या गाठीवर उपकर बसला, पहिली तीन वर्षे गाठीमागे 4 आणे आणि नंतर 2 आणे. त्यातून माटुंग्याला धागा तपासणारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि बियाण्यांच्या संशोधनाला पैसा मिळाला. 1863 च्या शुल्कावर निरीक्षक पोसले गेले. उपकराच्या पैशाला निदान शेतापर्यंत जाण्याची वाट होती. आजोबांच्या वहीत शिक्क्याच्या क्रमांकापुढे वजन, तारीख आणि पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव असे, आणि कापूस कोणाच्या शेतातून आला याचा रकाना त्या वहीत मी कधी पाहिला नाही.