मेलबोदच्या दाराला कुलूप

फ्रान्समधल्या प्वातिएला राहायला आल्यापासून एक कुलूप मला सतत खुपतं. क्लँ नदीपलीकडच्या चढावर, साध्या वस्तीत, एक इमारत आहे. तिच्याखाली जमिनीच्या पोटात मेलबोद नावाच्या मठाधिपतीने स्वतःसाठी करून घेतलेलं दफनगृह आहे, सातव्या शतकाच्या अखेरचं किंवा आठव्याच्या सुरुवातीचं. प्रार्थनेची जागाही तीच. त्याचं नाव इपोजे दे द्यून. १८७८ साली काम्ये द ला क्रुआ या जेझुइट पाद्र्याला ते सापडलं. ही हुतात्म्यांची जागा असं त्याला वाटलं, पुढच्या अभ्यासकांनी ती मेलबोदचीच ठरवली.

आज ती रोजच्या भेटीसाठी बंद आहे. आतली हवा, ओल जरा बदलली की कोरीवकाम बिघडतं. शेजारच्या आजींनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की माझा संतापच झाला.

कारण मेलबोदने भिंती लिहून ठेवल्यात त्या कुणीतरी वाचाव्यात म्हणूनच ना! आपल्या गुहेला तो 'छोटी' म्हणतो, स्वतःला अपात्र म्हणतो. सगळं दिवसेंदिवस बिघडत चाललंय, शेवट जवळ आलाय, असंही लिहितो. आणि जो इथे येऊन ख्रिस्ताची भक्ती करणार नाही किंवा हे काम मोडेल, त्याला थेट शाप! फोटोत ते पाहिलं आणि मला आपले गधेगाळ आठवले. दान मोडणाऱ्याला शिलाहारांच्या काळात दगडावर कोरून दिलेली तीच धमकी. खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर वेल आहे, मासे आहेत, एकमेकांत गुंतलेले साप आहेत. एका दगडावर ख्रिस्ताबरोबर क्रुसावर चढवलेले दोन चोर आहेत, बांधलेले, अगदी ओबडधोबड, आणि म्हणूनच जिवंत.

इथले लोक म्हणतील, तुमच्याकडे अलिबागजवळच्या अक्षीचा जुना मराठी शिलालेख वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उन्हापावसात उभा होता. होता, आणि ते लाजिरवाणंच होतं. पण निदान जाता-येता माणसाची नजर तरी त्यावर पडत होती.

अजिंठ्यात पहिल्या लेण्यात गर्दीत घुसमटून मीही उभी राहिले आहे. श्वासाची वाफ चित्रांवर जाते हे मला कळतं. इथली लास्कोची आदिम चित्रांची गुहा १९६३ पासून बंद आहे तेही याच कारणाने, आणि ते बरोबरच केलं. तरी मला वाटतं, मेलबोदकडे महिन्यातून एकदा, नेमाने, पाच-सात माणसं सोडता आली असती. तोवर इकडे आलात तर सेंत-क्रुआ संग्रहालय बघाच, आणि जवळच सँ-जाँचं बाप्तिस्तेर, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची जुनी वास्तूही. त्याचं दार उघडं असतं, आणि मेलबोदच्या काळाच्या आसपासच्या दगडी शवपेट्या तिथे अगदी हाताच्या अंतरावर मांडलेल्या आहेत.